दोन सीपीयूवर चालतं, चारवर मरतं: कर्नल टेस्टिंगसाठी मल्टिप्रोसेसर व्हीएम कसं लावता?

अर्धवट_बूट (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ११:५२

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. गेले आठ महिने ऑफिसातून आल्यावर रात्री स्वतःचं एक छोटं ६४-बिट कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) लिहितोय, निव्वळ हौस, शेड्युलर आहे, पेजिंग आहे, सीरियल पोर्टवर बोलतं, फाइल सिस्टम अजून नावालाच. मागच्या आठवड्यात ठरवलं की आता एकच कोअर किती दिवस राबवायचा, बाकीचेही उठवू. एसीपीआयचं एमएडीटी टेबल (फर्मवेअरने दिलेली सीपीयूंची यादी) वाचून सीपीयू मोजले, १ एमबीच्या खाली शून्य एक्स ८००० ला ट्रँपोलिन (उठणारा सीपीयू पहिल्यांदा चालवतो तो छोटा कोड) ठेवलं, इनिट (रीसेटचा इशारा) पाठवला, १० मिलिसेकंद थांबलो, मग सिपी ('इथून सुरू कर' हा इशारा), मग २०० मायक्रोसेकंदांनी परत सिपी. पुस्तकात आहे तसंच.

क्यूएमूला (व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालवणारा प्रोग्राम) 'मायनस एसएमपी २', म्हणजे दोन सीपीयू, दिलं तर मस्त, दुसरा सीपीयू उठून 'मी आलो' म्हणतो. ४ दिलं की पाचातनं तीनदा व्हीएम गपकन रीबूट. आणि गंमत म्हणजे केव्हीएम (व्हीएम थेट खऱ्या सीपीयूवर पळवायची लिनक्सची सोय) काढून टाकलं की चारवरही बिनबोभाट चालतं!! म्हणजे बग माझा की केव्हीएमचा?

लॅपटॉप जुना, सेकंडहँड, आय५, ४ कोअर ८ थ्रेड, ८ जीबी रॅम. एसएमपी टेस्टिंगसाठी तुम्ही लोक किती सीपीयू देता, कसे देता, व्हर्च्युअलबॉक्सवर जाऊ का, काहीही सांगा. (इथल्या नियमाप्रमाणे कमांडाही देवनागरीत लिहितोय, समजून घ्या.)

पळीपंचपात्र · रविवार, सकाळी ७:१५

कर्नल मेलं म्हणून घाबरून धागा उघडला, म्हटलं शेजारच्या बंगल्यातले साहेब गेले की काय.

नवशिक्या७ · रविवार, सकाळी ८:०३

वाचतोय. मला एक बेसिक शंका, केव्हीएम चालू आहे की नाही हे कळतं कसं? माझं व्हीएम गोगलगाय आहे.

स्पिनलॉक_शकू · रविवार, सकाळी ९:४०

@नवशिक्या७, /देव/केव्हीएम ही फाइल आहे का बघ आणि तुझा युजर केव्हीएम ग्रुपात आहे का बघ. नसला तर देव पावत नाही, परमिशन डिनाइड म्हणतो. फाइलच नसेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असणार. आणि क्यूएमूला स्पष्ट 'मायनस एनेबल-केव्हीएम' सांगावं लागतं, नाही सांगितलं तर तो गुपचूप टीसीजीवर, म्हणजे प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरमध्ये भाषांतर करत चालवतो.

@अर्धवट_बूट, केव्हीएमचा बग म्हणायच्या आधी स्वतःच्या घरात बघ रे बाबा. ९९ वेळा आपलाच असतो. एक विचारते, ट्रँपोलिनमध्ये एपी (पहिला सोडून बाकीचा कुठलाही सीपीयू) उठल्यावर त्याला स्टॅक कुठला देतोस? आणि सिपी एकेकाला पाठवतोस की 'मी सोडून सगळ्यांना' असा ब्रॉडकास्ट?

अर्धवट_बूट · रविवार, सकाळी १०:०५

ब्रॉडकास्ट. सोपं वाटलं. स्टॅक तात्पुरता एकच आहे, ट्रँपोलिनच्या खाली, ८००० पासून खाली वाढणारा. सी कोडमध्ये पोचल्यावर प्रत्येकाला आपापला देतो.

स्पिनलॉक_शकू · रविवार, सकाळी १०:०९

झालं. सापडला चोर.

पण मी सांगून उपयोग नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघ. व्हीएमला 'मायनस नो-रीबूट' आणि 'मायनस नो-शटडाउन' दोन्ही लाव. मग ट्रिपल फॉल्ट (सावरता न येणारी चूक, जिने मशीन रीसेट होतं) झाला की रीबूट न होता तो जागच्या जागी थिजतो. कंट्रोल-ए मग सी दाबून मॉनिटरमध्ये जा आणि 'इन्फो रजिस्टर्स मायनस ए' टाक, हा ए महत्त्वाचा, नाहीतर एकाच सीपीयूचे रजिस्टर दाखवतो. सगळ्यांचे आरएसपी (स्टॅकचे पत्ते) एकाखाली एक लिहून काढ.

अर्धवट_बूट · रविवार, दुपारी १२:३१

बापरे.

सीपीयू १: ७एफई८. सीपीयू २: ७एफडी८. सीपीयू ३: ७एफई०. तिघंही त्याच ४ केबीच्या पानात, एकमेकांच्या अंगावर!! एकाने फंक्शन कॉल करून रिटर्न ॲड्रेस ठेवला, दुसऱ्याने त्यावरच स्वतःचा ठेवला, पहिला परत आला तो भलत्याच गावात उतरला. दोन सीपीयू असताना एपी एकच, त्यामुळे स्टॅकला वाटेकरीच नव्हता. म्हणजे 'दोनवर चालतं' हे मी इतके दिवस एसएमपी चालतंय असं समजत होतो आणि प्रत्यक्षात बूट कोडची टेस्ट झालेलीच नव्हती.

पण मग केव्हीएमशिवाय चारवर का चालत होतं?

स्पिनलॉक_शकू · रविवार, दुपारी १:१०

नशीब. केव्हीएममध्ये तुझे तीन एपी खरोखर तीन वेगवेगळ्या कोअरवर एकाच क्षणी धावत सुटतात. टीसीजीमध्ये हळूहळू, भाषांतर करत करत, मागेपुढे होऊन येतात, आणि तुझं ट्रँपोलिन चाळीसेक सूचनांचं असेल, तेवढ्यात टक्कर व्हायला वेळच मिळत नाही. आणि टीसीजीचेही दोन प्रकार आहेत हे लक्षात ठेव: 'मायनस ॲक्सेल टीसीजी,थ्रेड=सिंगल' दिलं तर सगळे व्हीसीपीयू (व्हीएममधले सीपीयू) एकाच थ्रेडवर पाळीपाळीने चालतात, रेशनच्या रांगेसारखे, तिथं खरं समांतर काही नसतंच. 'थ्रेड=मल्टी' दिलं तर प्रत्येक व्हीसीपीयूला होस्टचा वेगळा थ्रेड, हे २०१७ च्या २.९ आवृत्तीपासून आलं, त्याआधी टीसीजीत एसएमपी म्हणजे सगळं पाळीपाळीनेच होतं.

सिंगल टाकाऊ आहे असं नाही हं. मला तो उलट आवडतो, लॉजिकचा बग आणि टायमिंगचा बग वेगळा करायला. सिंगलवरही मरतंय तर साधा बग. सिंगलवर चालतं, मल्टीवर किंवा केव्हीएमवर मरतं, तर रेस, म्हणजे कोण आधी पोचतो त्यावर ठरणारा बग.

हार्ट_शून्य · रविवार, दुपारी २:२२

ताईंना +१.

मी कॉलेजात एक्सव्ही६ शिकवते, एमआयटीचं ते छोटं शिकवण्याचं कर्नल, आता रिस्क-व्हीवर असतं. त्याच्या मेकफाइलमध्ये डिफॉल्ट सीपीयू ३ आहेत, २ नाहीत ४ नाहीत. दरवर्षी मुलं विचारतात तीनच का. मी त्यांना सांगत असते की दोनवर 'मी आणि दुसरा' एवढंच जग असतं, तीन झाले की 'दुसरे दोघं आपसात' हा प्रकार सुरू होतो. लेखकांच्या मनात हेच होतं की नाही ते सोडा, शिकवायला बरं पडतं.

त्यात बूटचा भाग बघण्यासारखा आहे. सगळे हार्ट (रिस्क-व्हीत कोअरला हार्ट म्हणतात) एकाच पत्त्यावरून सुरू होतात, पण पहिल्या काही असेंब्ली ओळींतच प्रत्येकजण स्वतःचा हार्टआयडी वाचून ४०९६ ने गुणून आपला स्टॅक काढतो. तुझा बग तिथं जन्मालाच येत नाही. मग शून्य नंबरचा हार्ट सगळं इनिशियलाइझ करतो आणि बाकीचे 'स्टार्टेड' नावाच्या एका व्हेरिएबलकडे डोळे लावून लूपमध्ये फिरत बसतात. शून्याने शेवटी स्टार्टेड = १ केलं की सगळे आत. आणि त्या १ च्या अगदी आधीच्या ओळीला मेमरी बॅरियर आहे, म्हणजे 'याआधीचं लिहिणं इतरांना आधी दिसू दे' असा हुकूम. दरवर्षी एक तरी मुलगा तो काढून टाकून 'मॅम बघा, याच्याशिवाय पण चालतं' म्हणून दाखवतो.

अर्धवट_बूट · रविवार, दुपारी २:४०

मी तोच मुलगा आहे, फक्त वयाने मोठा. माझ्याही कोडात बॅरियर नाहीये आणि चालतंय. का लागतो?

बर्फातला_मावळा · रविवार, संध्याकाळी ६:१५

(इथं स्वीडनमध्ये दुपार आहे अजून. म्हणजे अंधार आहे, पण दुपार.)

हा माझा विषय, पोटापाण्याचा. एक्स८६ मध्ये एका कोअरने आधी डेटा लिहिला मग फ्लॅग लिहिला तर दुसऱ्या कोअरला ते त्याच क्रमाने दिसतात. हार्डवेअर तेवढं सोवळं पाळतं. फक्त आपलं लिहिणं बाहेर पोचायच्या आधी पुढचं वाचून घेणं एवढीच एक सूट आहे त्याला. आर्ममध्ये आणि रिस्क-व्हीत असं काही नाही, फ्लॅग आधी दिसेल, डेटा मागून येईल, तुमचं तुम्ही बघा. म्हणजे तुमचं कर्नल एक्स८६ केव्हीएमवर ६४ सीपीयू लावून महिनाभर चालवलंत तरी हा विसरलेला बॅरियर दिसणार नाही. कंपायलरने उलटापालट केली तर कदाचित दिसेल.

आणि इथं सगळे फसतात: 'मग मी एक्स८६ लॅपटॉपवरच क्यूएमूचं आर्म व्हीएम चालवतो' असं म्हणतात. नाही हो चालत. टीसीजी आर्मच्या सूचनांचं भाषांतर एक्स८६ मध्ये करतो, धावतात त्या शेवटी एक्स८६ च्याच कोअरवर, मग तेच सोवळं. कपडे आर्मचे, माणूस तोच. खरा आर्म होस्ट पाहिजे. मी घरी रास्पबेरी पाय ४ वापरतो, चार कॉर्टेक्स-ए७२ कोअर, त्यावर केव्हीएम चालतं, 'मायनस एनेबल-केव्हीएम', 'मायनस एम व्हर्ट', 'मायनस सीपीयू होस्ट', 'मायनस एसएमपी ४', झालं. पायवर आठच्या वर व्हीसीपीयू द्यायला जाऊ नका, तिथला इंटरप्ट कंट्रोलर जीआयसी आवृत्ती २ आहे आणि त्याची मर्यादाच ८ आहे.

लिनक्समध्ये काम करत असाल तर केसीसॅन चालू करा, ते डेटा रेस पकडतं आणि त्यात दुबळ्या मेमरी मॉडेलची नक्कल करायचीही सोय आहे. स्वतःच्या कर्नलला ते सुख नाही.

पळीपंचपात्र · रविवार, संध्याकाळी ६:२०

'कपडे आर्मचे, माणूस तोच' हे मी ऑफिसात वापरणार.

कर्नलसाहेब · रविवार, रात्री ९:०५

उशिरा आलो, नातवाची मुंज होती. नाव बघून कोणी सॅल्यूट मारू नये, सैन्यात नव्हतो, लिनक्सचे ड्रायव्हर लिहिण्यात केस पांढरे झाले.

बॅरियरबद्दल मावळ्याने सांगितलं ते सोन्यासारखं आहे. मी फक्त व्हीएमच्या आकाराबद्दल बोलतो, कारण लोक 'किती सीपीयू' एवढंच विचारतात आणि तिथंच थांबतात. 'मायनस एसएमपी ६' आणि 'मायनस एसएमपी ६,सॉकेट्स=२,कोअर्स=३,थ्रेड्स=१' ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नुसतं ६ दिलं तर क्यूएमू स्वतः ठरवतो, आणि ठरवण्याची पद्धत मध्ये बदललीय: ६.२ च्या आधीच्या मशीन टाइपला सगळी सॉकेट करायचा, ६.२ पासून सगळे कोअर एका सॉकेटमध्ये कोंबतो. म्हणून मी नेहमी तिन्ही आकडे स्वतः लिहितो, परत सहा महिन्यांनी तेच व्हीएम मिळालं पाहिजे ना.

बूटराव, तुमच्या कर्नलला हे २ गुणिले ३ देऊन बघा आणि काय होतं ते इथं लिहा. आणि दुसरं, 'मायनस एसएमपी २,मॅक्ससीपीयूज=८'. मी आधीच सांगत नाही.

अर्धवट_बूट · रविवार, रात्री १०:५८

काका, नमस्कार घ्या. दोन्हीवर मेलं, आणि दोन्हीकडे वेगवेगळ्या कारणाने.

(स्टॅकचं आधी सांगतो, तो दुरुस्त झाला: ट्रँपोलिनमध्ये लॉक एक्सॲड करून प्रत्येक एपी स्वतःचा टोकन नंबर घेतो आणि त्यावरून ४ केबीचा स्टॅक. चारवर ५० पैकी ५० बूट.)

२ गुणिले ३: माझा 'पर-सीपीयू' ॲरे ६ चा, आणि इंडेक्स म्हणून मी थेट एपिक आयडी (हार्डवेअरने सीपीयूला दिलेला नंबर) वापरत होतो. वाटलं आयडी ० ते ५ असणार. आहेत ०, १, २, ४, ५, ६!! तीन गायब आणि सहा जास्तीचा. कोअरच्या नंबराला दोन बिट राखीव असतात, तीन कोअर असले तरी जागा चाराची, म्हणून दुसरं सॉकेट चारपासून सुरू. शेवटचा सीपीयू ॲरेच्या बाहेर लिहीत होता, आणि तिथं नेमका शेड्युलरचा रन क्यू.

मॅक्ससीपीयूज: एमएडीटीत आठ नोंदी दिसतात, त्यातल्या सहांचा 'चालू आहे' हा बिट शून्य. मी बिट न बघता आठ मोजले आणि सहा भुतांना खरं समजलो.

कर्नलसाहेब · रविवार, रात्री ११:२०

शाब्बास. खऱ्या मशिनीवर आयडींमध्ये अशी भोकं सर्रास असतात. आणि त्यासाठी दोन सॉकेटचा सर्व्हर घ्यायला नको, एक कॉमा पुरतो.

नुमा (जिथं मेमरी वेगवेगळ्या नोडमध्ये वाटलेली असते) पण तसंच, दोन मेमरी बॅकएंड करून 'मायनस नुमा नोड' ने सीपीयू वाटून दिले की लॅपटॉपवर दोन नोडचं मशीन उभं राहतं. अंतरं पण सांगता येतात. अर्थात खरं स्लो काही होत नाही, मेमरी तीच, फक्त टेबलं वेगळी. वाटणीचा कोड चालतो का एवढंच बघायचं, त्यावर बेंचमार्क काढून कुणाला दाखवू नका.

नवशिक्या७ · सोमवार, सकाळी ८:३०

म्हणजे जितके जास्त सीपीयू तितकं चांगलं? माझ्याकडे ४ थ्रेडचा लॅपटॉप आहे, १६ देऊ का?

स्पिनलॉक_शकू · सोमवार, सकाळी ९:१५

देता येतात, क्यूएमू फक्त कुरकुरतो. पण काय होतं ते समजून दे.

व्हीसीपीयू म्हणजे होस्टच्या दृष्टीने एक साधा थ्रेड. आता धर व्हीसीपीयू ५ ने स्पिनलॉक (मिळेपर्यंत जागीच फिरत राहायचं असं कुलूप) घेतला आणि नेमकं त्याच क्षणी होस्टने त्याला बाजूला बसवलं, कारण रांगेत पंधरा जण आहेत. लॉक घेऊन तो झोपला. बाकीचे जागे आहेत ते त्याच लॉकसाठी गरागरा फिरत होस्टचा वेळ जाळतायत, आणि ते फिरतायत म्हणून झोपलेल्याचा नंबर लागत नाही. वाड्यातल्या एकुलत्या एका संडासाची किल्ली खिशात घालून कोणी गावाला जावं तसं. खऱ्या हार्डवेअरवर हे होऊच शकत नाही, तिथं लॉकवाला कोअर कुठं जात नाही. तिकीट लॉक (नंबराप्रमाणे मिळणारा) असेल तर आणखी वाईट, पुढचं तिकीट नेमकं ज्याचं तोच झोपलेला. म्हणून लिनक्सच्या गेस्टमध्ये पॅराव्हर्च्युअल स्पिनलॉक असतात, वाट बघणारा थोडा वेळ फिरून होस्टला सांगतो की मी थांबतो, मला उठव. इंटेलच्या सीपीयूत पॉज सूचनेवर फार वेळ फिरणाऱ्याला बाहेर काढायची सोयपण आहे.

कर्नलसाहेब · सोमवार, सकाळी १०:४४

ह्यावरून आठवलं. एका जुन्या नोकरीत (नाव नको) आमच्या ड्रायव्हरच्या रात्रीच्या टेस्ट अधूनमधून फेल व्हायच्या. लॉगमध्ये 'सॉफ्ट लॉकअप, सीपीयू ३ अडकला २२ सेकंद', कधी आरसीयू स्टॉल, दोन्ही 'सीपीयू फार वेळ अडकला' अशा जातीच्या वॉर्निंग. दोन दिवस मी माझ्या ड्रायव्हरचे लॉक चाळत बसलो, चष्म्याचा नंबर वाढला. मग कुणीतरी सहज गेस्टमध्ये टॉप लावून एसटीचा कॉलम दाखवला, स्टील टाइम, म्हणजे गेस्टला पळायचं होतं पण होस्टने दिलं नाही असा वेळ. चाळीसच्या वर! त्या सर्व्हरवर दुसऱ्या टीमने रात्री बिल्ड लावली होती. ड्रायव्हर बिचारा निर्दोष.

सॉफ्ट लॉकअपची मर्यादा २० सेकंद असते आणि आरसीयू स्टॉलची २१, डिफॉल्टला. हे आकडे लोखंडाच्या मशीनसाठी ठरवलेत. गर्दीच्या होस्टवर ही वॉर्निंग आली तर कोडला हात लावायच्या आधी स्टील बघायचं. तेव्हापासून मी टेस्ट व्हीएमचे व्हीसीपीयू पिन करतो: क्यूएमूला 'मायनस नेम' मध्ये 'डीबग-थ्रेड्स=ऑन' दिलं की होस्टवर थ्रेडची नावं 'सीपीयू ०/केव्हीएम' अशी दिसतात, मग टास्कसेटने एकेकाला एकेक कोअर. एक कोअर होस्टला सोडायचा. तुमच्या ४ कोअरवर ३ व्हीसीपीयू पिन करून स्वच्छ टेस्ट होईल.

बर्फातला_मावळा · सोमवार, दुपारी १:३०

काकांशी सहमत, पण मी मुद्दाम उलटंही करतो. अख्खं क्यूएमू 'टास्कसेट मायनस सी ०' खाली चालवतो, म्हणजे सहा व्हीसीपीयू आणि होस्टचा कोअर एकच. आता कुठलाही व्हीसीपीयू कुठल्याही दोन सूचनांच्या मध्ये कितीही मिलिसेकंद थिजू शकतो. खऱ्या मशीनवर दोन-चार नॅनोसेकंदांची जी फट असते ती इथं दाराएवढी उघडते. वेळ मोजायला हे व्हीएम निरुपयोगी, पण 'एवढ्या वेळात दुसरा नक्कीच पोचला असेल' असं गृहीत धरून लिहिलेला कोड इथं उताणा पडतो.

अर्धवट_बूट · सोमवार, दुपारी १:३५

हे आज रात्री लावतो. मनात पाल चुकचुकलीय.

हार्ट_शून्य · सोमवार, संध्याकाळी ५:००

डीबगिंगचं कोणी बोललं नाही म्हणून थोडंसं. 'मायनस एस' दोन्ही, लहान आणि कॅपिटल, दिले की व्हीएम पहिल्या सूचनेवर थांबून जीडीबीची (डीबगरची) वाट बघतं. जीडीबीत 'इन्फो थ्रेड्स' केलं की प्रत्येक सीपीयू एकेक थ्रेड म्हणून दिसतो, आणि हँग झालं की कंट्रोल-सी मारून 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी'. डेडलॉक (दोघं एकमेकांच्या लॉकसाठी अडकलेले) असेल तर दोन सीपीयू ॲक्वायरमध्ये, म्हणजे लॉक घेण्याच्या फंक्शनमध्ये, उभे दिसतात, कुठून आले तेही दिसतं, निम्मं काम तिथंच होतं. केव्हीएमवर बूटच्या सुरुवातीला ब्रेकपॉइंट लागत नाही अशी तक्रार मुलं करतात, तिथं साधा ब्रेक न देता 'एचब्रेक' द्यायचा. साधा ब्रेक मेमरीत बाइट बदलून ठेवतो आणि नंतर कर्नल लोड होताना तोच पुसला जातो.

आणि बग नीट पुनःपुन्हा आणायचा असेल तर आयकाउंटसोबत (सूचना मोजून वेळ चालवायचा प्रकार) रेकॉर्ड-रीप्ले आहे, एकदा रेकॉर्ड केलेला क्रॅश शंभरदा तसाच्या तसा बघता येतो. मात्र ते टीसीजी सिंगलवरच चालतं, समांतर नाही. जे मिळतं ते घ्यायचं.

नवशिक्या७ · सोमवार, संध्याकाळी ५:२०

आणि माझं स्वतःचं कर्नल नाही, मला फक्त लिनक्सचं एक मॉड्यूल टेस्ट करायचंय, मला काय?

कर्नलसाहेब · सोमवार, संध्याकाळी ७:१०

तुमची चैन आहे मग. व्हर्टमी-एनजी घ्या, 'व्हीएनजी' म्हणून कमांड आहे, बांधलेलं कर्नल थेट बूट करतं, डिस्क इमेज नको काही नको, सीपीयू किती ते एका ऑप्शनने. कर्नल बांधताना प्रूव्ह लॉकिंग आणि डीबग ॲटॉमिक स्लीप चालू करा. लॉकडेपची (प्रूव्ह लॉकिंगने चालू होणारा लॉकचा तपासनीस) मजा ही की डेडलॉक प्रत्यक्ष व्हावा लागत नाही, एकदा अ मग ब असा क्रम दिसला आणि दुसरीकडे ब मग अ दिसला की तो बोंब मारतो, एका सीपीयूवरसुद्धा. मग व्हीएम चालू असताना सिस्फस मधून सीपीयू १ च्या 'ऑनलाइन' फाइलीत ० लिहा, १ लिहा, असं लूपमध्ये. मॉड्यूलने पर-सीपीयू काही धरून ठेवलं असेल तर अर्ध्या तासात रडतं.

आणि आठ सीपीयूचं एकच व्हीएम करण्यापेक्षा दोन-दोनची चार करा. सिझकॉलरच्या (कर्नलवर आपोआप उलटसुलट कॉल मारून बग शोधणारं टूल) नमुना कॉन्फिगमध्येही असंच असतं, चार व्हीएम, प्रत्येकी दोन सीपीयू, दोन जीबी. बहुतेक रेसना भांडायला दोघंच पुरतात, आणि एक व्हीएम मेलं तरी तीन चालू राहतात.

अर्धवट_बूट · सोमवार, रात्री ११:४७

पाल खरी ठरली.

मावळ्याच्या युक्तीने, सहा सीपीयू एका कोअरवर, दहातनं चारदा क्रॅश. कारण सांगायला लाज वाटते: सिपी पाठवल्यावर मी एका मोजणीच्या लूपने साधारण १ मिलिसेकंद थांबतो, जेवढे आले तेवढे आले, बाकीचे मेले समजून ट्रँपोलिनचं पान फ्री लिस्टमध्ये परत टाकतो. एका कोअरवर बिचारे दोघं तिघं ५० मिलिसेकंदांनी उठायचे आणि तोवर त्या पानात कुठल्यातरी प्रोसेसचं पेज टेबल. त्यावर उड्या!

आता बदललं. जितके सीपीयू टेबलात 'चालू' आहेत तितके हजेरी लावेपर्यंत थांबतो, १० सेकंदांची मर्यादा, आणि कोणी नाहीच आला तर पान परत देतच नाही, ४ केबी गेले तर गेले. वेळ मोजायला मोजणीचा लूप काढून टायमर घेतला. बॅरियर पण टाकला हार्ट मॅडम.

स्पिनलॉक_शकू · मंगळवार, सकाळी ७:५०

१० सेकंद ठीक आहेत, लिनक्सही एपीची पहिली चाहूल लागायला तेवढाच वेळ द्यायचा. आणि ब्रॉडकास्टचं वाईट वाटून घेऊ नकोस, एक्स८६ वर लिनक्सनेसुद्धा वर्षानुवर्षं एकेकालाच उठवलं, समांतर उठवायला २०२३ मध्ये ६.५ पर्यंत थांबले, त्यांनाही हेच स्टॅक आधी सोडवावे लागले.

आता हे सगळं हाताने करत बसू नकोस. स्क्रिप्ट कर. कर्नलमध्ये टेस्ट संपल्यावर 'आयसा-डीबग-एग्झिट' डिव्हाइसला एक आकडा लिही, क्यूएमू लगेच बंद होतो आणि एग्झिट कोड देतो. ध्यानात ठेव, तू लिहिलेल्याची दुप्पट अधिक एक येतो, म्हणजे १६ लिहिलंस तर ३३. शून्य कधीच येणार नाही, त्यामुळे 'शून्य म्हणजे पास' असं लिहू नकोस, माझी एक रात्र त्यात गेलीय.

अर्धवट_बूट · मंगळवार, रात्री १०:१५

केली. आकार सहा: १, २, ४, सॉकेट २ कोअर ३, कोअर २ थ्रेड २, आणि २ सोबत मॅक्ससीपीयूज ८. प्रत्येक आकार पिन करून २५ वेळा आणि एका कोअरवर कोंबून २५ वेळा, एकूण ३०० बूट. टाइमआउट ३० सेकंद, सीरियलचा लॉग प्रत्येकाचा वेगळ्या फाइलीत, ३३ आला तरच पास. लावून झोपतोय. लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजतोय, बायकोने उशी घेऊन बाहेरची खोली गाठली.

पळीपंचपात्र · मंगळवार, रात्री १०:१९

वहिनींचा लॉक होल्डर प्रीएम्प्ट झाला.

बर्फातला_मावळा · मंगळवार, रात्री ११:३०

वाखु (वाचनखूण) साठवली. बूटराव, आर्मवर पोर्ट केलंत तर सांगा, माझा पाय रिकामाच आहे. (रास्पबेरीचा.)

अर्धवट_बूट · बुधवार, सकाळी ६:४०

२९९.

एक गेला, सॉकेट २ कोअर ३, पिन केलेल्यातला, १७ वा बूट. टाइमआउट. लॉगमध्ये पाच सीपीयूंची हजेरी आहे आणि सहाव्याच्या नावातली अर्धीच अक्षरं छापून पुढे काही नाही. प्रिंटचा लॉक बघतोय, तिथं इंटरप्ट बंद न करता लॉक घेतलाय असं दिसतंय. ऑफिसला जाईपर्यंत तास आहे, बघू.

स्पिनलॉक_शकू · बुधवार, सकाळी ६:५८

टायमर इंटरप्टच्या हँडलरमध्ये प्रिंट करतोस का? म्हणजे लॉक धरलेला सीपीयू स्वतःचीच वाट बघत बसणार.

अर्धवट_बूट · बुधवार, सकाळी ७:०१

…हो.